दोन ध्रुवांचे भिंतनकाशे : एक ताव चोख, दुसरा अर्धवट

ध्रुवीय प्रदेशांचा भिंतनकाशा विकत घ्यावा असे सहसा कोणाला वाटत नाही. जगाचा एक मोठा नकाशा भिंतीवर लावला आणि टेबलावर पृथ्वीगोल ठेवला की भूगोलाची सोय झाली असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात या दोन्ही साधनांत नेमके ध्रुवच दिसेनासे होतात. मर्केटरच्या प्रक्षेपणावर (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत) काढलेल्या जगाच्या नकाशात 70 अंश अक्षवृत्तापाशी लांबी जवळजवळ तिपटीने आणि 80 अंशांपाशी पावणेसहा पटींनी फुगते, ध्रुव तर त्या कागदावर येऊच शकत नाही, आणि अंटार्क्टिका हा अखंड गोलाकार खंड तळाशी एक लांबलचक पांढरी पट्टी होऊन उरतो. पृथ्वीगोलावर आकार खरे असतात, पण ज्या खिळ्यावर तो फिरतो त्याची टोपी दोन्ही ध्रुवांवरच बसवलेली असते. मुरगाव तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका मुलीने "बाई, दक्षिण ध्रुवावर लोखंड आहे का?" असे विचारले, तेव्हा त्या प्रश्नात चूक काहीच नव्हती, तिच्यासमोर जे होते तेच तिने सांगितले. हा प्रश्न ऐकल्यावरच मुलांच्या विभागासाठी ध्रुवीय नकाशांचा संच घेण्याचे आमच्या समितीने ठरवले.

हा संच एका दिल्लीकर शालेय साहित्य प्रकाशकाचा असून आम्ही तो पणजीतील अठरा जून रस्त्याजवळच्या एका दुकानातून घेतला. संचात उत्तर आणि दक्षिण ध्रुवीय प्रदेशांचे प्रत्येकी 75 बाय 100 सेंटिमीटरचे दोन ताव, त्यांना वर आणि खाली लाकडी दांड्या, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन आणि एक छोटी माहितीपुस्तिका असे साहित्य आहे. किंमत 2,400 रुपये. प्रमाण एका सेंटिमीटरला शंभर किलोमीटर असे सुटसुटीत आहे आणि सर्व नावे देवनागरीत आहेत. हायस्कुलात भूगोल इंग्रजीतून शिकणारी आणि घरी मराठी वाचणारी मुले आमच्याकडे जास्त येतात, त्यामुळे देवनागरीचा मुद्दा आमच्यासाठी महत्त्वाचा होता. माझा निष्कर्ष आधीच सांगून टाकते : अंटार्क्टिकाच्या तावाने किंमत वसूल होते, आर्क्टिकचा ताव त्याच्या निम्म्या कष्टांत उरकलेला आहे, आणि पुस्तिका मुलांच्या हाती न दिलेली बरी.

आधी प्रक्षेपणाविषयी, कारण ध्रुवीय नकाशाची लायकी तिथेच ठरते. दोन्ही ताव ध्रुवीय खमध्य प्रक्षेपणाच्या त्या प्रकारात आहेत ज्याला स्टिरिओग्राफिक म्हणतात. यात ध्रुव मध्यभागी येतो, रेखावृत्ते त्याच्यापासून सरळ रेषांनी बाहेर पडतात, अक्षवृत्ते एकाभोवती एक वर्तुळे होतात आणि लहान भूभागांचे आकार बिघडत नाहीत. अंटार्क्टिकाच्या तावावर 71 अंश दक्षिण हे प्रमाण अक्षवृत्त, म्हणजे ज्यावर अंतरे अगदी खरी उतरतात ते, धरल्याचे सूचीत स्पष्ट छापले आहे, ही फार चांगली गोष्ट आहे, कारण त्यामुळे बिघाड किती हे आपल्याला काढता येते : ध्रुवापाशी अंतरे सुमारे पावणेतीन टक्क्यांनी कमी दिसतात आणि 60 अंशांच्या कडेला सुमारे सव्वाचार टक्क्यांनी जास्त. भिंतीवरच्या नकाशासाठी एवढा फरक नगण्य आहे. मी मैत्री आणि भारती या अंटार्क्टिकावरच्या आपल्या दोन संशोधन केंद्रांमध्ये पट्टी लावून पाहिली, तर अंतर सव्वातेवीस सेंटिमीटर भरले, म्हणजे सुमारे 2,300 किलोमीटर. गोलीय त्रिकोणमितीने काढलेले उत्तरही तेच येते. पट्टी घेऊन मोजता येणारा नकाशा बाजारात क्वचित मिळतो, आणि मुलांना त्याचे जे आकर्षण वाटते ते कोणत्याही रंगीत चित्राचे वाटत नाही.

आर्क्टिकच्या तावावर प्रमाण अक्षवृत्त कोणते हे छापलेलेच नाही. तरीही त्यावर ग्रीनलंड खऱ्या आकारात पाहायला मिळते, आणि जगाच्या नकाशावर आफ्रिकेएवढे दिसणारे हे बेट, जेमतेम 21.7 लाख चौरस किलोमीटरचे, भारतापेक्षाही लहान आहे हे कळल्यावर मोठी माणसेसुद्धा थबकतात.

आता अंटार्क्टिकाचा ताव. त्याचा मुख्य नकाशा बर्फाचा पृष्ठभाग दाखवतो आणि खालच्या बाजूला चौकटीत दुसरा लहान नकाशा आहे, जो बर्फ काढून टाकल्यास खाली जमीन कशी दिसेल ते दाखवतो. हा लहान नकाशा म्हणजे या संपूर्ण संचाचा प्राण आहे. सुमारे 1.4 कोटी चौरस किलोमीटरच्या या खंडावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे, काही ठिकाणी ही जाडी पावणेपाच किलोमीटरच्या वर जाते, आणि जड माणूस बसल्यावर सुंभाची खाट खोल जावी तशी खालची जमीन या ओझ्याने दबलेली आहे. चौकटीतल्या नकाशात पश्चिम अंटार्क्टिकाचा बहुतेक भाग निळा दिसतो, कारण तिथला खडक समुद्रसपाटीच्या खाली आहे. बेंटले खंदकात तर तो सुमारे अडीच किलोमीटर खाली आहे. या भागातल्या बर्फाची शास्त्रज्ञांना एवढी काळजी का वाटते याचे उत्तर या निळ्या रंगातच आहे : समुद्राचे पाणी बर्फाच्या बुडाशी पोहोचू शकते अशी ही रचना आहे, पूर्वेकडच्या उंच पठारावर बसलेल्या बर्फासारखी ती सुरक्षित नाही. पूर्वेकडे बर्फाच्या पोटात गंबुर्त्सेव पर्वतरांग दाखवली आहे. 1958 साली सोव्हिएत मोहिमेला बर्फाची जाडी मोजताना तिचा पत्ता लागला. आल्प्सच्या तोडीची ही रांग आजवर कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेली नाही. वोस्तोक सरोवरही आहे, सुमारे 250 किलोमीटर लांब, जवळजवळ चार किलोमीटर बर्फाखाली आणि तरीही द्रवरूपात. त्याच्या डोक्यावर असलेल्या वोस्तोक केंद्रात 21 जुलै 1983 रोजी उणे 89.2 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, ही नोंद मुख्य नकाशावर छोट्या लाल अक्षरांत आहे. वर पृथ्वीवरची नोंदलेली सर्वांत कडक थंडी आणि खाली वाहते पाणी, हे एकाच बिंदूवर दाखवण्याची कल्पना ज्या कोणा नकाशाकाराची असेल त्याला दाद दिली पाहिजे.

चार ध्रुवांची मांडणीही नीट केली आहे. भौगोलिक ध्रुव मध्यभागी, त्याच्या शेजारी 2,835 मीटर ही उंची आणि तिथला बर्फ वर्षाला सुमारे दहा मीटर सरकतो अशी टीप. या सरकण्यामुळेच तिथली खूण दर वर्षी 1 जानेवारीला नव्या जागी रोवावी लागते. चुंबकीय दक्षिण ध्रुव खंडावर न दाखवता अॅडेली किनाऱ्यापुढच्या समुद्रात, अंटार्क्टिक वृत्ताच्याही बाहेर दाखवला आहे, हे अचूक आहे. 1909 च्या जानेवारीत डेव्हिड, मॉसन आणि मॅके पायी तिथवर गेले तेव्हा तो जमिनीवर होता. त्यांनी जिथे झेंडा लावला ती जागा आणि आजची जागा अशा दोन्ही खुणा सालांसह दिल्या आहेत. भूचुंबकीय ध्रुव आणि किनाऱ्यापासून सर्वांत दूरचा बिंदू या उरलेल्या दोन खुणा मुलांच्या फारशा कामाच्या नाहीत, पण त्यांनी जागाही फारशी अडवलेली नाही.

शोधमोहिमांच्या वाटा वेगवेगळ्या रंगांत आहेत. 17 जानेवारी 1773 रोजी अंटार्क्टिक वृत्त पहिल्यांदा ओलांडणारा कुक, जो प्रत्यक्ष खंड न पाहताच परतला. 1820 सालच्या जानेवारीत बर्फाची कड पाहणारा बेलिंग्सहाउझेन. 88 अंश 23 मिनिटांपर्यंत जाऊन, ध्रुव अवघा 180 किलोमीटर राहिला असताना माघारी फिरलेला शॅकलटन. आणि मग अमुंडसेन आणि स्कॉट यांच्या त्या दोन वाटा. अमुंडसेन 14 डिसेंबर 1911 ला पोहोचला आणि स्कॉट 17 जानेवारी 1912 ला, हे पाठ्यपुस्तकात असतेच. नकाशा पाहिल्यावर मात्र लक्षात येते की दोघेही एकाच रॉस हिमपटलाच्या, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थराच्या, दोन टोकांवरून निघाले होते आणि अमुंडसेनने तळ ठोकला ती जागा ध्रुवाला साधारण एक अंशाने जवळ होती. शिवाय त्याची वाट अॅक्सेल हायबर्ग हिमनदीवरून चढते, जिथून आधी कोणीच गेले नव्हते, तर स्कॉटने शॅकलटनने उघडलेली बिअर्डमोर हिमनदीचीच वाट धरली. शर्यतीच्या निकालाविषयी माणसे स्वभाव, घोडे आणि कुत्रे यांच्यावर तासन्‌तास बोलतात. भूगोलाचा हिस्सा त्यात कितपत होता हे या दोन रेषा पाहून निदान विचारात तरी घेता येते.

या तावाचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्यावरची तरंगती हिमपटले. खंडावरून सरकत आलेला बर्फ किनाऱ्यापुढे समुद्रावर तरंगत राहतो, त्याला आइस शेल्फ म्हणतात, आणि या पटलांच्या सीमा दर काही वर्षांनी बदलतात. नकाशाच्या कोपऱ्यात छपाईचे साल 2021 असे आहे, पण अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेला लार्सन बी हे पटल पूर्ण शाबूत काढलेले आहे. ते 2002 च्या सुरुवातीला काही आठवड्यांत फुटून गेले. सुमारे सव्वातीन हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारे नऊ दशांश भरेल एवढा बर्फ. त्याच्या दक्षिणेच्या "लार्सन सी" या पटलातून 2017 च्या जुलैमध्ये सुमारे 5,800 चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला, त्याचाही पत्ता नकाशावर नाही. यावरून मूळ आराखडा विसाव्या शतकातला असून वरवर नवी नावे चढवली असावीत असा संशय येतो. आम्ही लार्सन बीच्या जागेवर मार्करने तुटक रेषा काढून घेतली आहे आणि शेजारी साल लिहिले आहे. लॅमिनेशनचा हा एक उपयोग.

भारतीय केंद्रांच्या बाबतीत मात्र नकाशा बिनचूक आहे. मैत्री शिर्माखर ओअॅसिसमधल्या उघड्या खडकावर, 70 अंश 46 मिनिटे दक्षिण आणि 11 अंश 44 मिनिटे पूर्व; भारती लार्समन टेकड्यांवर, 69 अंश 24 मिनिटे दक्षिण आणि 76 अंश 11 मिनिटे पूर्व. दक्षिण गंगोत्री हे पहिले केंद्र पोकळ वर्तुळाने दाखवून खाली "वापरात नाही" असे लिहिले आहे. हे केंद्र 1983-84 च्या मोहिमेत तरंगत्या बर्फावर उभारले गेले, आणि वर साचत जाणाऱ्या हिमाखाली हळूहळू गाडले गेल्यामुळे 1989-90 च्या सुमारास सोडून द्यावे लागले. मैत्रीसाठी खडक का निवडला आणि समुद्रापासून एवढे आत का जावे लागले, ते या पोकळ वर्तुळाकडे बोट दाखवून एका वाक्यात सांगता येते. गोव्यातल्या मुलांना हे सांगायचे आणखी एक कारण आहे. पहिली भारतीय मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहूनच निघाली, पोलर सर्कल या जहाजाने, आणि 9 जानेवारी 1982 रोजी ती अंटार्क्टिकावर उतरली. आज या सगळ्या कामाची सूत्रे वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून हलतात. आमच्या वाचनालयातली काही मुले त्याच परिसरात राहतात आणि आपल्या शेजारी नेमके काय चालते हे त्यांना ठाऊक नव्हते.

याच ठिकाणी माझी दुसरी मोठी तक्रार येते. नकाशा 60 अंश दक्षिणेला कापला आहे. 1959 च्या अंटार्क्टिक कराराची हद्द तीच असल्यामुळे ही निवड अकारण नाही, परंतु निसर्गाची सीमा तिथे नाही. थंड ध्रुवीय पाणी उत्तरेकडच्या कोमट पाण्याखाली बुडते तो अभिसरणाचा पट्टा हिंदी महासागराच्या बाजूला 50 अंशांच्या आसपास फिरतो, आणि पाण्याचे तापमान, प्लवक, क्रिल हे कोळंबीसारखे छोटे जीव, पक्षी हे सर्व त्या पट्ट्यापाशी बदलते. खंडाला वळसा घालणारा, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा सागरी प्रवाहही बहुतांशी कागदाबाहेर राहिला आहे. भारताच्या दक्षिण महासागरातील मोहिमा 2004 पासून याच पाण्यात होत आहेत.

आणि गोव्याच्या दृष्टीने तर हा काप फारच दुखतो. मुरगाव बंदर सुमारे 73 अंश 48 मिनिटे पूर्व रेखावृत्तावर आहे. त्या रेषेवरून सरळ दक्षिणेला निघाले तर मालदीव बेटांना घासून, उजव्या हाताला चागोस आणि पुढे केर्गेलेन ठेवून, 53 अंश दक्षिणेला हर्ड या ज्वालामुखीच्या बेटापाशी पोहोचता येते आणि तिथून पुढे जमीन लागते ती थेट प्रिड्झ उपसागराच्या काठी, अमेरी हिमपटलाच्या पूर्व कडेशी. भारती केंद्र तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर आहे. म्हणजे सुमारे साडेनऊ हजार किलोमीटर अंतरावर, जवळजवळ आपल्याच रेखावृत्तावर, आपलेच घर आहे. मुलांना ध्रुवीय नकाशा दाखवताना पहिली सांगायची गोष्ट हीच, पण त्या रेषेवरचे हर्ड बेट आणि केर्गेलेन दोन्ही नकाशाच्या चौकटीबाहेर गेल्यामुळे ती रेषा समुद्रातच कुठून तरी सुरू होते. 50 अंशांपर्यंत नकाशा वाढवला असता तर कडेला अंतरांचा फुगवटा दहा टक्क्यांच्या आसपास गेला असता आणि प्रमाण एका सेंटिमीटरला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आणावे लागले असते. मला तो सौदा मान्य झाला असता. प्रकाशकाने पुढच्या आवृत्तीत याचा विचार करावा. भारतात विकल्या जाणाऱ्या अंटार्क्टिकाच्या नकाशावर हिंदी महासागराची बाजू तरी मोकळी दिसली पाहिजे.

आर्क्टिकच्या तावाकडे वळले की उत्साह ओसरतो. दक्षिणेला समुद्राने वेढलेली जमीन आहे आणि उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र, त्यामुळे उत्तरेच्या नकाशाची सारी मदार समुद्रतळावर असायला हवी. या तावावर तो समुद्र सपाट फिक्या निळ्या रंगात आहे. उत्तर ध्रुवाखाली पाणी सुमारे 4,260 मीटर खोल आहे, तर सायबेरियाच्या किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन जगात सर्वांत रुंद आणि अगदी उथळ आहे. हा फरक रंगांच्या चार छटांत दाखवता आला असता. 1948 मध्ये सोव्हिएत संशोधकांना सापडलेली लोमोनोसोव पर्वतरांग, जी ध्रुवाजवळून जात समुद्रतळावरून तीन किलोमीटरहून अधिक उंच उठते आणि जिच्यावरून रशिया, डेन्मार्क आणि कॅनडा यांचे समुद्रतळाच्या हक्काचे दावे आज एकमेकांत गुंतले आहेत, ती केवळ एक नाव म्हणून तिरपी छापलेली आहे. डोंगर दिसत नाही. अंटार्क्टिकाच्या तावावर बर्फाखालची जमीन उघडून दाखवणाऱ्या त्याच प्रकाशकाला पाण्याखालची जमीन दाखवावीशी का वाटली नाही, हे मला समजत नाही.

समुद्रबर्फाची सीमा एकाच पांढऱ्या रेषेने काढली आहे आणि ती कोणत्या महिन्याची, कोणत्या वर्षाची याचा उल्लेख नाही. ही साधी उणीव नव्हे. मार्चमध्ये तिथला समुद्रबर्फ दीड कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो आणि सप्टेंबरमध्ये आक्रसतो. 1981 ते 2010 या काळात सप्टेंबरची नीचांकी सरासरी सुमारे 62 लाख चौरस किलोमीटर होती, तर 2012 साली ती 34 लाखांवर आली होती. तारखेवाचून बर्फाची रेषा काढणे म्हणजे महिना न सांगता मांडवीच्या पाण्याची खोली सांगण्यासारखे आहे. चुंबकीय उत्तर ध्रुवही कॅनडाच्या बेटांमध्येच अडकून पडला आहे. 1831 मध्ये जेम्स क्लार्क रॉसने तो बूथिया द्वीपकल्पावर गाठला हे खरे, पण गेल्या काही दशकांत तो वर्षाला पन्नासएक किलोमीटरच्या गतीने सायबेरियाच्या दिशेने गेला आणि आता आर्क्टिक महासागराच्या त्या बाजूला पोहोचला आहे.

मोहिमांच्या बाबतीत या तावावर एक गोष्ट सुरेख आहे आणि एक चीड आणणारी. सुरेख म्हणजे फ्राम जहाजाचा वाहत गेलेला मार्ग. 1881 मध्ये जीनेट हे जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले आणि त्याचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला लागले. त्यावरून नॉर्वेजियन शोधक नान्सेनने ओळखले की बर्फ एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहतो आहे. त्याने बर्फाच्या दाबाने वर उचलले जाईल अशा गोल पोटाचे फ्राम हे जहाज बांधून घेतले आणि 1893 मध्ये ते मुद्दाम बर्फात गोठू दिले. 1896 मध्ये ते नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या बाजूला मोकळ्या पाण्यात निघाले. स्वतः नान्सेन जोहानसेनसह जहाज सोडून 86 अंश 14 मिनिटांपर्यंत गेला. नकाशावर अवशेषांची वाट तुटक आणि फ्रामची वाट अखंड रेषेने दाखवली आहे, आणि दोन्ही एकाच दिशेला जाताना पाहून अनुमान कसे बांधतात, ते तपासतात कसे, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. चीड आणणारी गोष्ट अमेरिकन शोधक पिअरीची. 1909 ची त्याची वाट ध्रुवापर्यंत ठळक काढून "प्रथम विजय" असे लिहिले आहे, जणू त्याच्या नोंदींविषयी कधी वाद झालाच नाही. त्याच्याबरोबर असलेल्या मॅथ्यू हेन्सनचा आणि चार इनुइट सोबत्यांचा उल्लेखही नाही. ज्याविषयी शंका नाही असे 12 मे 1926 चे नॉर्गे या वायुनौकेचे (वायूने भरलेल्या, हवेत तरंगणाऱ्या यानाचे) उड्डाण आणि बर्फावरून चालत वॉली हर्बर्टच्या तुकडीने 6 एप्रिल 1969 रोजी गाठलेला ध्रुव, हे दोन्ही सूचीत तळाशी बारीक अक्षरांत आहेत.

हिमाद्री हे आपले आर्क्टिकमधले केंद्र स्वालबार्डमधल्या न्यू-आलेसुंद इथे, 78 अंश 55 मिनिटे उत्तरेला, योग्य जागी दाखवले आहे. ते 1 जुलै 2008 पासून सुरू आहे. नॉर्गे ध्रुवाकडे झेपावले ते याच वस्तीतून आणि ते दोराने बांधून ठेवायचा मनोरा तिथे अजून उभा आहे, ही माहिती नकाशावर असती तर शोभली असती.

पुस्तिकेविषयी थोडक्यात. "अंटार्क्टिका खंडावर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते" हे तिचे पहिलेच वाक्य आहे. ते फक्त ध्रुवबिंदूपुरते खरे आहे. मैत्री केंद्रावर सूर्य अजिबात न उगवण्याचा काळ साधारण दोन महिन्यांचा असतो आणि अंटार्क्टिक वृत्तावर तो जेमतेम एका दिवसाचा. "या खंडावर कोणत्याही देशाचा दावा नाही" असेही तिच्यात आहे. दावे सात देशांचे आहेत, ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांचे तर एकमेकांवर चढलेले आहेत. करारानुसार ते गोठवून ठेवले आहेत, रद्द झालेले नाहीत. भारत 1983 मध्ये या करारात सामील झाला आणि त्याच वर्षी त्याने सल्लागार देशाचा, म्हणजे करारातल्या निर्णयांत मत असलेल्या देशाचा, दर्जा मिळवला, तो दावा सांगून नव्हे तर मोहिमा काढून आणि संशोधन करून. हा फरक पुस्तिका लिहिणाऱ्याला उमगलेला दिसत नाही.

वस्तू म्हणून दोन्ही ताव दणकट आहेत. कागद जाड आहे, रंग उन्हात ठेवूनही अजून फिके पडलेले नाहीत. लॅमिनेशन चकचकीत असल्याने खिडकीसमोर लावल्यास अर्धा नकाशा उजेडात हरवतो. खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर लावणे उत्तम. दांड्या ठोकताना खिळे लॅमिनेशनमधून आरपार गेले आहेत आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या भोकांतून ओल शिरून कडेला काळपट ठिपके पडू लागतात, म्हणून लावण्यापूर्वी वरच्या आणि खालच्या कडांना पारदर्शक चिकटपट्टी मारून घ्यावी आणि भिंत आणि नकाशा यांच्यामध्ये बोटभर पोकळी राहील अशा आकड्यांना तो टांगावा. दुकानातला अनुभव चांगला होता. मालकांनी दोन्ही ताव काउंटरवर उलगडून दाखवले, एका दांडीला चीर होती ती न कुरकुरता बदलून दिली, आणि "बाई, ध्रुवांचे नकाशे कोणी मागत नाही, म्हणून मी एकच संच ठेवतो," असे प्रांजळपणे सांगितले.

ज्यांना एवढा खर्च नको असेल त्यांनी पूर्ण संच घेण्याचा आग्रह धरू नये. मागणी नोंदवल्यास अंटार्क्टिकाचा ताव सुटा 1,300 रुपयांना मिळतो आणि त्याबरोबर पुस्तिका येत नाही, हा फायदाच समजावा. मागणी शक्यतो दिवाळीनंतर द्यावी, कारण माल दिल्लीहून पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून येतो आणि पावसात आलेली नळकांडी दुकानात उघडेपर्यंत आतून दमट झालेली असतात.